खवले किडींचा अंडाशय : पाठ्यपुस्तकी मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

पदवी स्तरावर कीटकांच्या अंडाशयाचे तीन प्रकार सांगितले जातात : पोषक पेशी नसलेला, प्रत्येक अंडपेशीबरोबर स्वतंत्र पोषक पेशी असलेला आणि अंडनलिकेच्या अग्रभागी पोषक कोष्ठ असलेला. प्रात्यक्षिकात परिचित असलेले झुरळ पहिल्या प्रकारात मोडते, तर खवले किडी व पिठ्या ढेकूण यांची नोंद तिसऱ्या प्रकारात होते. ही नोंद चुकीची नाही. परंतु सुमारे ८,००० ज्ञात जातींचा हा समूह अंडपेशीविषयीच्या रूढ गृहीतकांना जे आव्हान देतो, ते या नोंदीत हरवून जाते. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार केला आहे.

रचनात्मक अभ्यासाचे योगदान

युर्गेन ब्यूनिंग यांच्या १९९४ मधील कीटक-अंडाशयविषयक ग्रंथाने तुलनात्मक अभ्यासाला भक्कम चौकट दिली. पोलंडमधील क्रॅकोव्ह येथील यागेलोनियन विद्यापीठाच्या तेरेसा श्क्लाझेविच यांनी खवले किडींच्या अनेक कुळांच्या अंडाशयांचे सूक्ष्म छेद अभ्यासले. त्यातून स्पष्ट झालेली वैशिष्ट्ये अशी : अंडनलिका आखूड व पुष्कळ असतात, त्यांना अग्रतंतू नसतो आणि बहुसंख्य जातींत एका अंडनलिकेत एकच अंडपेशी पूर्णत्वास जाते. पोषक पेशी आणि अंडपेशी या एकाच मूळ पेशीच्या अपूर्ण विभाजनातून जन्मलेल्या भगिनी होत. पोषकरज्जूद्वारे पहिलीकडून दुसरीकडे द्रव्य वाहते. बीजपेशींच्या संख्येतील फरकांच्या आधारे कुळांचे परस्परसंबंधही तपासले गेले. या परंपरेचे मोल निर्विवाद आहे. तथापि छेद हे स्थिर चित्र असते. त्यावरून प्रक्रियेचा क्रम केवळ अनुमानाने मांडता येतो, ही तिची मर्यादा होय.

तीन गृहीतके

पहिले गृहीतक असे की, अंडाशय अंडपेशीला केवळ अन्न पुरवतो. लिंबूवर्गीय झाडांवरील पिठ्या ढेकणात मात्र पोषक कोष्ठ व वाढती अंडपेशी यांमधील मानेच्या भागातून सहजीवी जीवाणू आत शिरतात आणि अंड्याच्या अग्रध्रुवाजवळ साठतात. या जीवाणूंच्या पेशींत दुसऱ्या प्रकारचे जीवाणू राहतात, हे २००१ मध्ये कॅरल फॉन डोहलेन व सहकाऱ्यांनी दाखविले. त्यांपैकी बाहेरील जीवाणूचा जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला, तेव्हा तो अवघ्या सुमारे १,३९,००० क्षारक-जोड्यांचा निघाला. स्वतंत्रपणे जगण्याची त्याची क्षमता उरलेली नाही. अंडनलिकेची मान हा अशा प्रकारे पिढ्यांना जोडणारा दरवाजा ठरतो.

दुसरे गृहीतक असे की, अर्धसूत्री विभाजनातील ध्रुवीय पिंड निरुपयोगी असून ते नष्ट होतात. फ्रान्झ श्राडर यांनी १९२३ मध्येच पिठ्या ढेकणाच्या अंड्यात याच्या विपरीत घडते, याकडे लक्ष वेधले होते. ध्रुवीय पिंड एकत्र येऊन गुणसूत्रांचे तीन संच असलेले केंद्रक बनते. ते भ्रूणाच्या द्विगुणित केंद्रकाशी मिळून पाच संचांच्या पेशी निर्माण करते. त्यांतील चार संच मातेचे व एक पित्याचा असतो. जीवाणूंना आश्रय देणाऱ्या पेशी याच होत. म्हणजेच टाकाऊ मानलेला भाग अवयव घडवितो आणि तो अवयव जनुकीय दृष्ट्या उर्वरित शरीराहून वेगळा असतो.

तिसरे गृहीतक असे की, मादीच्या जननग्रंथीत स्त्रीबीजेच निर्माण होतात. ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात पोहोचलेल्या व तेथील संत्राबागांना ग्रासणाऱ्या आयसेरिया पर्चेसी या किडीत मादीसदृश जीवाच्या एकाच ग्रंथीत द्विगुणित अंडपेशी व एकगुणित शुक्रपेशी दोन्ही तयार होतात, हे सॅली ह्यूज-श्राडर यांनी १९२० च्या दशकात दाखविले. ‘उभयलिंगी’ या शब्दाने हे वर्णन पूर्ण झाले असे मानले गेले. परंतु अँडी गार्डनर व लॉरा रॉस यांनी २०११ मध्ये या पुरुष-पेशींकडे पित्याकडून आलेली संसर्गजन्य पेशीवंशपरंपरा म्हणून पाहण्याची सैद्धान्तिक मांडणी केली. हे प्रतिपादन ग्राह्य धरल्यास एका शब्दाने झाकलेला प्रश्न नव्याने उभा राहतो : ही ग्रंथी नेमकी कोणाची?

निष्कर्ष

वरील तिन्ही उदाहरणांना अपवाद म्हणून तळटीपेत ढकलणे सोयीचे आहे. परंतु तिन्ही बाबी अंडपेशीच्या घडणीच्या मुख्य टप्प्यांशी निगडित आहेत. अंडाशयाचे वर्गीकरण पोषणाच्या एकाच निकषावर उभे असल्याने वारसा वाहून नेणारा अवयव ही त्याची भूमिका झाकोळली गेली आहे. तीन प्रकारांची विभागणी टाकून देण्याचे कारण नाही. ती पहिल्या तासाला पुरेशी आहे, शेवटच्या तासाला नाही. महाराष्ट्रात जास्वंद, सीताफळ व द्राक्षवेल यांवर पिठ्या ढेकूण सहज आढळतात. त्यांच्या आधारे ‘अंड्यातून नेमके काय पुढच्या पिढीत जाते?’ हा प्रश्न वर्गात विचारला गेला, तर अंडाशयाची आकृती केवळ पाठांतराचा विषय राहणार नाही.