‘आवे मारिया’ कोणाची?

विवाहाच्या मिस्साबलिदानासाठी छापलेल्या गीतपत्रिकांत ‘आवे मारिया – काच्चिनी’ ही ओळ आमच्या वारंवार पाहण्यात येते. ही रचना जुलिओ काच्चिनीची नाही. तो फ्लोरेन्सचा गायक १६१८ साली निवर्तला. ही रचना विसाव्या शतकातली आहे.

१९७० साली सोव्हिएत रशियात ‘मेलोदिया’ने सोळाव्या-सतराव्या शतकांतील ल्यूटसंगीताची म्हणून एक ध्वनिमुद्रिका काढली. वादक होता लेनिनग्राडचा व्लादिमिर वाविलोव्ह. तीतील बहुतेक रचना त्याच्या स्वतःच्याच होत्या. एक त्याने फ्रांचेस्को दा मिलानोच्या नावावर घातली. ‘आवे मारिया’पुढे ‘अज्ञात’ असे लिहिले. काच्चिनीचे नाव त्यानेदेखील दिले नव्हते. १९७३ मध्ये तो वारल्यावर ते इतरांनी चिकटवले आणि १९९५ च्या इनेसा गालान्तेच्या ध्वनिमुद्रणाने ते दूरवर नेले.

जाणकार फसले कसे? ल्यूटच्या जुन्या हस्तलिखितांत स्वर नव्हे, तर बोट कोणत्या तारेवर व कोणत्या पडद्यावर ठेवायचे ते अंकांनी वा अक्षरांनी लिहिलेले असते. वादक ती स्वतःपुरती उतरून घेत. कर्त्याचे नाव लिहिण्याची तसदी बरेच जण घेत नसत. त्यामुळे निनावी रचना निघाली, तर कोणाला नवल वाटत नाही. योगायोग असा की, त्याच १९७० साली आर्थर नेस यांनी संपादिलेले फ्रांचेस्कोचे ल्यूटसंगीत हार्वर्डहून प्रसिद्ध झाले. हस्तलिखित कोणाचे, तीच रचना अन्यत्र कोणाच्या नावाने आढळते, हे अशा कामात आधी पाहावे लागते. शैलीचा कौल त्यानंतर, कारण शैलीची नक्कल करता येते. वाविलोव्हच्या बाबतीत मूळ पोथी कोठे आहे, हा पहिलाच प्रश्न विचारायचा राहून गेला.

खरे तर येथे शैलीही साक्ष देत होती. १६०२ च्या ‘ले नुओवे मुझिके’ या संग्रहात काच्चिनीचा सारा आग्रह शब्दांसाठी आहे. सुरांनी शब्दांची चाकरी करावी, असे त्याचे मत. असा मनुष्य ‘नमो मरिया’ची संपूर्ण प्रार्थना बाजूला सारून केवळ दोन शब्द घोळवत बसेल काय? शिवाय पाच-पाच पायऱ्यांनी उतरणारी ती स्वरसंघातांची लांब साखळी त्याच्या काळातली वाटत नाही.

कर्ता ठाऊक नसल्याने कृती हलकी ठरत नाही. इब्री लोकांस लिहिलेले पत्र कोणी लिहिले हे देवच जाणे, असे ओरिजेनने म्हटले. तरी ख्रिस्तसभा ते वाचतेच. परंतु अज्ञान निराळे आणि खोटे नाव निराळे. वाविलोव्हला वाटे की, आपल्यासारख्या अप्रसिद्ध माणसाचे संगीत कोणी छापणार नाही. ही त्याच्या मुलीने सांगितलेली हकिकत वाचून आम्हांला त्याचा राग धरवत नाही. आपले नाव पुसून त्याने गीताला वाट करून दिली आणि ते दुसऱ्याच्या नावाने प्रार्थनामंदिरांत शिरले! गीत म्हणून ते आम्हांला थोडे एकसुरी वाटते. त्यातली आर्तता मात्र उसनी नाही.

गायकवृंदाने ते खुशाल गावे. आमच्याकडे येणाऱ्या गीतपत्रिकेत मात्र यापुढे आम्ही ‘काच्चिनी’ खोडून ‘व्लादिमिर वाविलोव्ह (१९२५–१९७३)’ असे लिहून देणार आहोत. वधूपक्षाला ते नाव तितकेसे भारदस्त वाटणार नाही, याची कल्पना आहे.