चाळीस गैरसमज आणि आईची दोन नावं

२०१० साली पॅट्रिक मॅकेन्झी या जपानमध्ये राहणाऱ्या अमेरिकन प्रोग्रॅमरने आपल्या ब्लॉगवर एक यादी टाकली. प्रोग्रॅमर लोक नावांबद्दल जे गैरसमज बाळगतात, त्यांची ही यादी. चाळीस वाक्यं, प्रत्येकाला क्रमांक, आणि प्रत्येक वाक्य चूक आहे असं आधीच सांगितलेलं. निमित्त साधं होतं. जॉन ग्रॅहम-कमिंग या दुसऱ्या प्रोग्रॅमरने तक्रार केली होती की एका संगणक प्रणालीने त्याच्या आडनावातली आडवी रेघ अवैध ठरवली. स्वतःचं नाव अवैध कसं असेल, असा त्याचा प्रश्न होता.

आमच्या धंद्यात ही यादी जवळपास पाठ्यपुस्तकासारखी वाचली जाते. पहिल्या नोकरीत माझ्या सीनियरने मला तिची लिंक पाठवली होती, ‘हे वाच आणि मग फॉर्मला हात लाव’ एवढ्याच सूचनेसह. तिच्या नमुन्यावर पुढे वेळेबद्दलच्या, पत्त्यांबद्दलच्या, फोन नंबरांबद्दलच्या गैरसमजांच्या याद्या आल्या. म्हणजे तिने एक साहित्यप्रकारच सुरू केला. पण साहित्य म्हणून तिच्याकडे कुणी फारसं पाहिलेलं नाही. मला तसं पाहायचंय, कारण ती मला अतिशय आवडते आणि दोन वर्षांपूर्वी ती मला अपुरी पडली.

आधी आवडण्याबद्दल. यादी हा तसा रुक्ष प्रकार, वाण्याची किंवा धोब्याची. मॅकेन्झीची यादी मात्र दोन पात्रांचं नाटक आहे आणि त्यातलं एकच पात्र बोलतं. बोलणारा आहे तो हट्टी प्रोग्रॅमर. सुरुवातीला तो ठाम असतो : माणसाला एकच अधिकृत पूर्ण नाव असतं, ते बदलत नाही, ते ठरावीक लांबीत मावतं. पुढे तो मागे सरकू लागतो. नाव जन्मताच मिळतं या मुद्द्यावर तर तो भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस करतो. बरं, जन्मताच नसेल पण लगेच, बरं, वर्षभरात, बरं, आणखी काही वर्षांत. समोरचा काहीच बोलत नाही, नुसती मान हलवत असावा. आणि चाळिसावा गैरसमज म्हणजे माणसांना नाव असतं, हाच. इथे वाचक हसतो आणि मग थांबतो. रुग्णालयात नवजात बाळाच्या मनगटावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असं लिहिलेली पट्टी असते. बाराव्या दिवशी बारसं होईपर्यंत आपल्याकडे कित्येक माणसं खरोखरच बिननावाची असतात.

आता अपुरेपणाबद्दल. पहिली उणीव उघड आहे : यादीत उदाहरणं जवळजवळ नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात नावं म्हणजे नुसते अपवाद, कोडमध्ये सांभाळायची कटकट, एवढंच उरतं. प्रत्यक्षात त्या प्रत्येक ‘अपवादा’मागे एक सबंध, सुसंगत पद्धत आहे. आइसलँडमध्ये बहुतेकांना आपल्या अर्थाने आडनाव नसतंच. गायिका ब्यर्कच्या नावातलं ‘गुडमुंड्सडोट्टिर’ म्हणजे गुडमुंडची मुलगी. तिच्या भावाला हेच लावता येणार नाही. म्हणून तिथली छापील टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या नावाने लावलेली असायची. इंडोनेशियाचे सुकार्नो आणि सुहार्तो हे दोन्ही राष्ट्राध्यक्ष एका शब्दाच्या नावावर देश चालवून गेले. आणि आपण मराठीत मोठ्या प्रेमाने ज्याला ‘मार्केझ’ म्हणतो, त्याचं वडिलांकडचं आडनाव गार्सिया. मार्केझ हे त्याच्या आईचं. स्पॅनिश पद्धतीत दोन्ही लावतात, आपण अर्धं उचललं.

तमिळनाडूचं उदाहरण याहून महत्त्वाचं. तमिळ सहकाऱ्यांच्या नावाआधी एखादं आद्याक्षर असतं, ते बहुधा वडिलांच्या नावाचं. आडनावाचा रकाना रिकामा. आमच्या ऑफिसात यावर विनोद होतात, कारण अमेरिकन फॉर्म तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. पण तो रिकामा असण्याला इतिहास आहे. १९२९ साली चेंगलपट्टू इथे भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेत नावामागचं जातिवाचक उपपद टाकून देण्याचा पुरस्कार झाला आणि पेरियार रामस्वामींनी आपलं ‘नायकर’ टाकून दिलं. आपल्याकडे पहिल्या भेटीत ‘आडनाव काय?’ असं विचारतात तेव्हा काय विचारलेलं असतं, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. तमिळनाडूत पुष्कळांनी त्या प्रश्नाचं उत्तरच काढून घेतलं. माझ्या कोडला मात्र तिथे फक्त ‘नल’ दिसतं.

इथून दुसरी, मोठी उणीव सुरू होते. यादी गृहीत धरते की नावं आधी होती, माणसांची, मोकळी; आणि संगणक नंतर येऊन त्यांना रकान्यांत कोंबू लागला. आडनावांच्या बाबतीत पुष्कळदा उलट घडलंय. जेम्स स्कॉट यांचं १९९८ सालचं ‘सीइंग लाइक अ स्टेट’ हे पुस्तक वाचताना मी या मुद्द्यावर अक्षरशः उठून बसलो. स्कॉट म्हणतात की कायमचं, वारशाने येणारं आडनाव ही मोठ्या प्रमाणात राज्यसंस्थेची गरज होती. कर कुणाकडून घ्यायचा, सैन्यात कुणाला भरती करायचं, जमीन कुणाच्या नावावर, हे कळायला माणूस यादीत ओळखू यावा लागतो. त्यांचं सगळ्यात झणझणीत उदाहरण फिलिपीन्सचं. १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरिया याने हुकूम काढला आणि आडनावांची छापील सूची गावोगाव पाठवली. सूची वर्णानुक्रमे होती. तिची पानं वाटली गेली. परिणाम असा की काही गावांत जवळजवळ सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होऊ लागली. बिकोल भागातल्या ओआस गावाच्या वाट्याला ‘आर’ आला. तुर्कस्तानात १९३४च्या कायद्याने प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावलं. मुस्तफा केमाल ‘अतातुर्क’ झाला तो त्यानंतर.

म्हणजे आडनाव हे पुष्कळ ठिकाणी मुळातच रकान्यासाठी जन्माला आलं. फॉर्म आधी, नाव नंतर. मॅकेन्झीच्या यादीतला प्रोग्रॅमर हा नुसता अडाणी भला माणूस आहे. त्याला नीट समजावलं की झालं. स्कॉटच्या पुस्तकातला कारकून अडाणी नाही. त्याला नावांचं वैविध्य पक्कं ठाऊक आहे आणि म्हणूनच ते त्याला नकोय. माझा कोड यांपैकी कुणाचा वंशज, हा प्रश्न यादी वाचून पडत नाही. मला तो घरी पडला.

दोन वर्षांपूर्वी माझे आजोबा, आईचे वडील, गेले. त्यांच्या एका ठेवीला नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, माहेरचं. आई गेली तीस वर्षं दुसऱ्याच नावाने जगतेय. लग्नात तांदळाच्या ताटात माझ्या वडिलांनी अंगठीने लिहिलं ते नाव. तिचं स्वतःचं नाव गेलं, मधलं वडिलांचं गेलं, शेवटचं आडनाव गेलं. तीनपैकी एकही शब्द शिल्लक नाही. आम्ही ऑनलाइन अर्ज केला. उत्तर आलं, नाव जुळत नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्याच सुमारास माझ्या कंपनीत मी नेमकं असंच काहीतरी लिहीत होतो. दोन नावं घ्यायची, ‘श्री’, ‘कुमार’ वगैरे काढून टाकायचं, एका नावाचं दुसरं व्हायला किती अक्षरं बदलावी लागतील ते मोजायचं आणि शंभरपैकी गुण द्यायचे. ऐंशीच्या वर गेलं तर तीच व्यक्ती. स्पेलिंगच्या चुका यात छान पकडल्या जातात. मी रात्री गुपचूप आईची दोन्ही नावं त्यात घालून पाहिली. तेरा गुण. माझ्या हिशेबाने त्या दोन वेगळ्या बायका होत्या.

मॅकेन्झीची यादी मला तेव्हा जवळजवळ पाठ होती. नाव बदलतं, हे तिच्यात आहे. ते ठरावीक प्रसंगीच बदलतं हाही गैरसमज, हेसुद्धा आहे. पण कुणाचं बदलतं, कोण बदलतं आणि त्याची कागदपत्रं कुणी जमवायची, हे नाही. तिच्यात ‘माणसांची’ नावं आहेत. त्या माणसांत आई कुठली आणि मी कुठला, हा फरक नाही. माझं नाव जन्मदाखल्यापासून पगारपत्रापर्यंत एकच आहे. तिन्ही रकाने मला बेतून शिवल्यासारखे बसतात. म्हणून यादी वाचून मला परदेशी माणसं आठवली, आई नाही आठवली.

आईवडिलांच्या लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. शेवटी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र झालं : वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. आईने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “सही कुठली करू?” नोटरीने मान वर न करता सांगितलं, “आत्ताची.”

महाराष्ट्रात आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही येतं : मुलाचं, आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव. निर्णय चांगलाच आहे. विवाहित स्त्रीच्या नावाची पद्धत मात्र आहे तशीच ठेवली आहे, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. म्हणजे आमच्यासारख्या घरात आईचा म्हणून जो नवा रकाना येईल, त्यातही तांदळात लिहिलेलंच नाव बसेल.

कोडमध्ये मी बदल केला. गुण कमी आले तर अर्ज आता थेट फेटाळला जात नाही, माणसाकडे जातो. कोडमधल्या टिपणात त्याचं कारण लिहायचं होतं, तेव्हा मॅकेन्झीच्या यादीची लिंक दिली. बाकीचं टिपणात मावण्यासारखं नव्हतं.

या लेखात आईची दोन्ही नावं लिहू का, असं तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “पहिलं कोणतं लिहिणार, ते सांग.” मला ठरवता आलं नाही.