लेप्टिनचा बाण नक्की कुठे लागतो?

जर्नल क्लबमध्ये मी एकदा एक स्लाइड दाखवली होती. डावीकडे पोट सुटलेला माणूस, त्याच्यातून निघालेला बाण, मध्ये ‘लेप्टिन’, मग आणखी एक बाण आणि शेवटी ‘पोटाचा कॅन्सर’. आकृती एका आढावा लेखावरून काढली होती. मॅडमनी एकच विचारलं, "जठराचा कुठला भाग?" मी गप्प. खरं सांगायचं तर माझ्या प्रस्तावाचं पहिलं उद्दिष्टच या बाणावर उभं होतं.

पहिली गल्लत भाषेतच आहे. आपण ‘पोट सुटलं’ म्हणतो ते चरबीबद्दल आणि ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणतो तो जठराचा. शब्द एकच, म्हणून संबंध आपोआप पटतो. पण या विषयावरचे आढावा लेख वाचताना तीन प्रश्न विचारायलाच हवेत.

पहिला प्रश्न, जागा कोणती? जठराचा अन्ननलिकेला जोडलेला भाग म्हणजे कार्डिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 मध्ये जादा चरबीशी पुरेशा पुराव्याने जोडलेल्या 13 कॅन्सरची यादी दिली. त्यात कार्डियाचा कॅन्सर आहे, उरलेल्या जठराचा नाही. तिथला मुख्य आरोपी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. याच संस्थेने त्याला 1994 मध्येच पहिल्या गटात टाकलंय. जपान-कोरियात लठ्ठपणा कमी आणि जठराचा कॅन्सर जास्त, अमेरिकेत नेमकं उलट. देशांच्या तुलनेने कारण सिद्ध होत नाही हे मान्य, पण सरसकट ‘जठर’ लिहिणाऱ्या लेखाने एवढं तरी समजावून सांगायला हवं. शिवाय कार्डियापर्यंत पोचायला हार्मोनच लागतं असंही नाही. पोटातल्या चरबीच्या दाबाने आम्ल वर येतं, हीसुद्धा एक वाट आहे.

दुसरा प्रश्न, रक्त कधी घेतलं? कॅन्सर झालेल्या माणसाचं वजन उतरतं, चरबी घटते आणि लेप्टिनही खाली येतं. मग रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या रक्ताची तुलना करून आपण कारण मोजतोय की परिणाम? म्हणून आधी साठवून ठेवलेलं रक्त मोलाचं ठरतं. फिनलंडमधल्या एटीबीसी अभ्यासात 50 ते 69 वयाच्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचं रक्त 1980 च्या दशकात घेऊन ठेवलं होतं. त्यावरचा 2011 चा पेपर घ्रेलिनबद्दल आहे. भुकेचं हे हार्मोन मुख्यतः जठरात बनतं आणि लठ्ठ माणसांत कमी असतं. ज्यांचं घ्रेलिन कमी, त्यांना कार्डियाच्या बाजूचा आणि उरलेल्या जठराचा, दोन्ही कॅन्सर जास्त. रक्त घेतल्यानंतर 10 वर्षांनी झालेल्या कॅन्सरमध्येही हा संबंध टिकला. काम चांगलंच आहे. पण जिवाणूमुळे जठराचं अस्तर झिजलं की घ्रेलिन बनवणाऱ्या पेशीही जातात आणि ही झीज अनेक दशकं चालते. म्हणजे कमी घ्रेलिन ही लठ्ठपणाची खूण की आधीच आजारी असलेल्या जठराची? 10 वर्षांचं अंतरही त्याला पुरेसं उत्तर नाही. आणि सगळे धूम्रपान करणारे पुरुष, हे विसरू नका.

तिसरा प्रश्न, मात्रा किती? 1996 च्या एका गाजलेल्या मोजणीत लेप्टिनची सरासरी लठ्ठ माणसांत मिलिलिटरमागे साधारण 31 नॅनोग्रॅम आणि सामान्य वजनाच्या माणसांत साडेसात होती. जठराच्या कॅन्सरपेशींवरचे बरेच प्रयोग मात्र 100 नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त ओततात. मग स्टॅट-3 पेटतो, पेशी वाढतात आणि बाण काढला जातो. लेखकांच्या बाजूने एक मुद्दा आहे. जठर स्वतःही लेप्टिन बनवतं (हे 1998 मध्ये कळलं), त्यामुळे तिथली मात्रा रक्तापेक्षा जास्त असू शकते. पण मग ते लेप्टिन चरबीतून आलेलं नाही. म्हणजे पहिला बाणच गळाला!

हार्मोनचा संबंध खोटा आहे असं मी म्हणत नाही. कार्डियाच्या बाबतीत तो तपासण्यासारखा नक्कीच आहे. तक्रार आहे ती वेगवेगळ्या ताकदीचे पुरावे एकाच जाडीच्या बाणांनी दाखवण्याबद्दल. त्याचा फटका प्रयोगशाळेबाहेर बसतो. महिनोन्‌महिने अपचनाने हैराण असलेला बारीक माणूस "आपण कुठे जाड आहोत" म्हणून डॉक्टरकडे जातच नाही आणि आत जिवाणूचं काम चालूच असतं.

तेव्हा आढावा लेखातली आकृती आवडली तर ती हाताने वहीत काढा. प्रत्येक बाणाखाली तीन गोष्टी लिहा: जागा, रक्ताची वेळ, मात्रा. जिथे लिहिता येणार नाही, तिथे तुटक रेघ. मी माझी आकृती अशी काढली तेव्हा एकही रेघ सलग उरली नाही. उद्दिष्ट पुन्हा लिहावं लागलं. आता ते फक्त कार्डियाबद्दल आहे आणि मॅडमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे.