‘कोसला’तील हसू आणि आपले वर्ग

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. तिच्याविषयीच्या लेखनात ‘अस्तित्ववाद’, ‘परात्मता’, ‘पिढीचा प्रातिनिधिक नायक’ या संज्ञा इतक्या वेळा आल्या आहेत, की पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी पांडुरंग सांगवीकराला भेटण्यापूर्वीच त्याचे निदान पाठ करून येतो. ही कादंबरी वाचताना हसू येते, ही साधी गोष्ट मात्र उत्तरपत्रिकेत क्वचितच आढळते.

प्रस्तुत लेखकाच्या मते ‘कोसला’च्या आस्वादाचा आरंभ त्या हसण्यापासूनच व्हावयास हवा. खानदेशातील सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला हा मुलगा वसतिगृह, मेस, महाविद्यालयातील उपक्रम हे सारे ज्या भाषेत सांगतो, तिच्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द सतत येतात. ‘उदाहरणार्थ’ हा खरे तर आपला, प्राध्यापकांचा शब्द. सिद्धान्त मांडून झाला की आपण तो वापरतो. पांडुरंग सिद्धान्ताविनाच तो वापरतो आणि प्रतिष्ठित गद्याचा सारा आव एका शब्दात उतरवून ठेवतो. ‘वगैरे’चे काम अधिक सूक्ष्म आहे. गंभीर गोष्टीला हा शब्द चिकटला की तिचे वजन जाते, आणि बोलणाऱ्याची जखमही झाकली जाते. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेथे ही झाकण्याची सोय पुरी पडत नाही. आधी मनमुराद हसलेल्या वाचकालाच तो शोक पूर्ण तीव्रतेने भिडतो. सारांश वाचणाऱ्याच्या लेखी ती कथानकातील एक घटना असते.

सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीशी ‘कोसला’ची तुलना वारंवार झाली आहे. ती फार दूर नेत नाही. ‘कोसला’तील छोट्या, बोलल्यासारख्या वाक्यांचे नाते तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’च्या गद्याशी अधिक जवळचे वाटते, दोन्ही कानाने वाचावी लागतात. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या विनोदकाराने या कादंबरीचे स्वागत केले होते, हेही येथे आठवावे.

म्हणून अध्यापनाच्या पहिल्या आठवड्यात समीक्षाग्रंथ बाजूला ठेवून वसतिगृहाच्या भागातील पंधरावीस पाने वर्गात मोठ्याने वाचावीत. परीक्षेतही ‘अस्तित्ववादी कादंबरी म्हणून परीक्षण करा’ याऐवजी ‘वगैरे’च्या कोणत्याही तीन वापरांविषयी लिहावयास सांगावे. त्याचे उत्तर मार्गदर्शिकेत मिळणार नाही, आणि ते तपासण्यासाठी आपल्यालाही पुस्तक पुन्हा उघडावे लागेल.