परिपथाचे गणित आणि परिपथाचे आकलन

पाच सारखे दिवे आणि तीन सारख्या, आदर्श बॅटऱ्या आहेत. पहिल्या बॅटरीला एकच दिवा जोडला, दुसरीला दोन दिवे एकसर आणि तिसरीला दोन दिवे समांतर जोडले. कोणता दिवा किती उजळ दिसेल?

एकटा दिवा आणि समांतर जोडणीतील दोन्ही दिवे सारखेच उजळतील. एकसर जोडणीतील दोघे एकमेकांइतकेच, पण मंद. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लिलियन मॅक्डरमट व पीटर शॅफर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या सुमारे १५ टक्केच विद्यार्थ्यांना हा क्रम बरोबर लावता आला. शिकवण्यापूर्वी आणि शिकवल्यानंतर यात फारसा फरक पडला नव्हता! आम्हीही आमच्याकडे प्रकल्पासाठी येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारतो. थेवेनिनचा सिद्धांत भराभर वापरणारा विद्यार्थीही येथे ‘पहिला दिवा थोडी विद्युतधारा खाऊन टाकतो’ असे म्हणून जातो.

हा अनुभव मनात ठेवून आम्ही अनंत अगरवाल आणि जेफ्री लँग यांचे ‘फाउंडेशन्स ऑफ अ‍ॅनालॉग अँड डिजिटल इलेक्ट्रॉनिक सर्किट्स’ (२००५) हे पुस्तक पाहिले. एमआयटीतील परिपथांच्या पहिल्या अभ्यासक्रमाचे हे पाठ्यपुस्तक. २०१२ साली हाच अभ्यासक्रम इंटरनेटवर खुला झाला, तेव्हा दीड लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. सुमारे सात हजार उत्तीर्ण झाले.

पुस्तकाचा मोठा गुण पहिल्याच प्रकरणात दिसतो. किरचॉफने १८४५ साली मांडलेले नियम अनेक पुस्तके आज्ञेसारखी देतात: संधीवर येणारी धारा तितकीच बाहेर जाते, बंद मार्गावरील विभवांतरांची बेरीज शून्य असते. हे नियम केव्हा वापरायचे आणि केव्हा नाही, हे मात्र सांगत नाहीत. अगरवाल व लँग आधी अटी सांगतात. यंत्रशास्त्रात आपण दगडाचा आकार विसरून त्याला बिंदू मानतो. तसेच येथे दिव्याचा आकार विसरून त्याला दोन टोकांची बंद डबी मानायचे. त्यासाठी घटकांबाहेरील कोणत्याही बंद मार्गातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते नसावे, डबीत एकूण विद्युतभार साठत जाऊ नये आणि परिपथ संकेताच्या तरंगलांबीच्या मानाने खूप लहान असावा. ५० हर्ट्झला ही तरंगलांबी सुमारे ६००० किलोमीटर असते. म्हणून प्रयोगशाळेतील टेबलावर चिंता नाही. १ गिगाहर्ट्झला ती निर्वातात ३० सेंटिमीटरवर येते. मग संगणकाच्या मुद्रित पट्टीवरची तारसुद्धा ‘नुसती तार’ राहत नाही. नियमासोबत त्याची मर्यादा शिकवणे म्हणजेच विज्ञान शिकवणे, आणि ते या पुस्तकाने केले आहे.

तरीही आमची तक्रार उरते. डबीच्या आत पाहायचे नाही, हाच या पद्धतीचा नियम आहे. अभियंत्याला तो सोयीचा आहे. नवशिक्याची अडचण मात्र नेमकी डबीच्या आतली आहे. पुढे दुसरा दिवा आहे हे पहिल्या दिव्याला ‘कळते’ कसे? दुसरा दिवा समांतर जोडताच बॅटरी जास्त धारा कशी देऊ लागते? समीकरण सुटते, पण या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. रुथ चाबे व ब्रूस शेरवूड यांचे ‘मॅटर अँड इंटरॅक्शन्स’ येथे उपयोगी पडते. तारांच्या पृष्ठभागावर अल्पसा विद्युतभार साठतो, त्याच्या मांडणीमुळे तारेत विद्युतक्षेत्र निर्माण होते, आणि परिपथात कोठेही बदल केला की ही मांडणी अत्यल्प काळात सर्वत्र बदलते, असे ते समजावून देतात. म्हणजे परिपथ ही एकामागून एक घडणाऱ्या घटनांची रांग नव्हे, तो एकसंध असतो. हे चित्र आधी मिळाले, तर डबी बंद करायला हरकत नाही.

शिक्षक मित्रांनी याची वाट पाहण्याची गरज नाही. दहावीच्या वर्गात दोन सेल आणि टॉर्चचे तीन सारखे दिवे पुरतात. ओहमचा नियम फळ्यावर लिहिण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह वहीत लिहावा, मगच जोडणी करावी. समांतर जोडणीत दिवे एकट्या दिव्यापेक्षा किंचित मंद दिसले, तर प्रयोग फसला असे मानू नका. सेलचा अंतर्गत रोध तेथे बोलतो आहे; तोही शिकवण्याचाच विषय आहे.

ज्याने चुकीचा अंदाज लिहिला आणि तो का चुकला हे शोधले, तो विद्यार्थी पुढे कोणतेही पुस्तक नीट वाचू शकेल. नुसती समीकरणे सोडवणाऱ्याला अगरवाल-लँग यांचे चांगले पुस्तकही तारू शकणार नाही.