पत्रिकेवर नसलेली नावं

सोयाबीन निघण्याच्या धामधुमीतच वर्धा जिल्ह्यातल्या गावांमध्ये रात्रीचे खंजेरीचे सराव सुरू होतात. जेवणं आटोपली की कुठे हनुमान मंदिरात, कुठे समाजमंदिरात, कुठे एखाद्याच्या ओसरीवर दहा-बारा माणसं जमतात. पेटी येते, तबला येतो, टाळ येतात. आश्विन वद्य पंचमीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. गुरुकुंज मोझरीचा महोत्सव त्याच दिवसांतला, आणि त्याच्या मागेपुढे पार उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या खंजेरी भजन स्पर्धा चालतात. या मंडळांमागे कंपनी नाही, व्यवस्थापक नाही, तिकीट नाही. वाद्यं वर्गणीतून येतात, गाडीभाडं खिशातून जातं. मुंबई-पुण्याकडे ज्याला ‘इंडी बँड’ म्हणतात त्याच्या सगळ्या अटी ही मंडळं पूर्ण करतात, आणि त्यांची संख्याही मोठी आहे. तरीही यातलं नवं मंडळ कोणतं, कोण वेगळं गातंय, यंदा कुणाला ऐकायलाच हवं, हे सांगणारं जिल्ह्यात कोणी नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

पुण्यात २०१० साली ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला. एकाच वेळी अनेक मंचांवर गाणं चाललेलं असे, त्यामुळे कुठे उभं राहायचं हे आधी ठरवावंच लागे. बँडची यादी जाहीर झाली की जाणकार मंडळी ती खालून वर वाचत. मोठ्या अक्षरांतली नावं सगळ्यांना ठाऊक असतात. तळाशी बारीक अक्षरांत छापलेली नावं शोधून, त्यांची गाणी महोत्सवाआधीच ऐकून ठेवायची, अशी रीत पडली. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ होत असे, पण तेव्हा नव्या बँडचं गाणं घरबसल्या आधी ऐकण्याची सोय नव्हती. ती सोय झाली आणि श्रोता तयारीनं येऊ लागला. श्रोता तयार असला की नव्या बँडला पहिल्या गाण्यापासून कान मिळतात.

आता आपल्याकडची स्पर्धेची पत्रिका पाहा. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी यांचे फोटो. पहिलं बक्षीस किती रुपयांचं, कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ, ते कोण देणार. पुरुष गट, महिला गट, बाल गट. परीक्षकांची नावं, प्रवेश फी, जेवणाची सोय. गाणाऱ्या मंडळांचं मात्र एकही नाव नाही. नोंदणी शेवटच्या घटकेपर्यंत चालते हे त्याचं व्यावहारिक कारण मला मान्य आहे. पण जी मंडळं वर्षानुवर्षं येतात त्यांचीही नावं छापली जात नाहीत. ती फक्त माइकवर पुकारली जातात, पुढच्या मंडळानं तयार राहावं म्हणून. ज्यांच्यासाठी मांडव घातला तेच कागदावर नसतात.

या कलेची जन्मकथा वर्ध्याला परकी नाही. माणिक बंडोजी इंगळे हे तुकडोजी महाराजांचं मूळ नाव. ते ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मले. त्यांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला सुमारे महिनाभर राहिले. हातात एक खंजेरी आणि समोर गाव, एवढ्यावर त्यांचं गाणं उभं होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर पेटलं आणि आपल्याच जिल्ह्यातली आष्टीही पेटली. त्या लोकांच्या ओठांवर महाराजांची भजनं होती आणि इंग्रज सरकारनं महाराजांना तुरुंगात टाकलं. त्या आष्टीला आज शहीद आष्टी म्हणतात. ज्या गाण्याला सरकार घाबरलं, ते गाणं त्या वर्षी नवं होतं, त्या वर्षाचं होतं. आजच्या मंडळांना ऐकताना मी ही गोष्ट विसरू शकत नाही.

वादनाबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण सांगण्यासारखं खूप आहे. खंजेरी म्हणजे लाकडी कडं, एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांतल्या धातूच्या चकत्या. एवढ्याशा वाद्यातून चांगला वादक तीन-चार वेगळे आवाज काढतो: बोटं कडेला पडली तर एक, मधोमध पडली तर दुसरा, हात दाबून ठेवला तर तिसरा. चकत्यांचा छनकार सतत वाजत ठेवायचा की समेवरच मोकळा सोडायचा, यावरून मंडळाची जातकुळी कळते. अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजेऱ्या वाजवून हे वाद्य साथीच्या जागेवरून मध्यभागी आणलं. वऱ्हाडी बोलीतलं त्यांचं खणखणीत प्रबोधन ऐकत विदर्भातल्या वादकांची अख्खी पिढी मोठी झाली. त्यामुळे आज आर्वी, कारंजा, सेलू तालुक्यांतल्या लहान गावांमध्येही बारा-तेरा वर्षांची मुलं अवघड तोडे सफाईनं वाजवताना ऐकू येतात. वादनाची सरासरी पातळी वर गेली आहे, हे निःशंकपणे म्हणता येतं. तोटा असा की बरीच मुलं वेगाच्या मागे लागली आहेत. शब्द संपायच्या आत तोडा सुरू होतो, आणि पुढे म्हणणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

चालींची अवस्था मात्र वाईट आहे. बहुतेक मंडळं हिंदी किंवा मराठी सिनेमाच्या गाजलेल्या गाण्याची चाल उचलतात आणि तिच्यावर भजन बसवतात. लोकसंगीतात उसनवारी नेहमीच होती, त्यामुळे उसनं घेण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो श्रोत्याला ओळखीच्या चालीनं जिंकण्याला. चाल ओळखली गेली की टाळ्या पडतात आणि शब्द कोणीच ऐकत नाही. भरीला ध्वनिव्यवस्था. एको इतका वाढवलेला असतो की मागे म्हणणाऱ्यांचे आठ आवाज एकाच गुरगुरीत बुडतात. खरं तर खंजेरी भजनाचं सौंदर्य त्या आठ आवाजांत आहे. पुढे म्हणणारा ओळ टाकतो आणि मागचे ती झेलतात. झेलताना कोणी अर्धी मात्रा आधी येतो, कोणी जरा खालच्या सुरात राहतो, आणि त्या फरकातून गाव ऐकू येतं. परीक्षकाच्या कागदावर सूर, ताल, उच्चार, शिस्त आणि गणवेश यांना गुण असतात. या वेगळेपणासाठी रकाना नसतो. म्हणून मंडळं ते वेगळेपण घासून काढतात, आणि दहाव्या क्रमांकावर गाणारं मंडळ तिसऱ्यासारखंच वाटतं.

शब्दांबद्दल बोलताना थोडं सांभाळावं लागतं, कारण इथे श्रद्धा आहे. ग्रामगीता आणि महाराजांची भजनं मंडळांसाठी नुसता संग्रह नाही, ती त्यांच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट आहे. सकाळचं सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना यांच्यातूनच हे गायक घडतात. पण महाराजांनी स्वतः काय केलं? त्यांनी आपल्या काळातलं व्यसन, आपल्या काळातला सावकार, आपल्या काळातली अस्पृश्यता गाण्यात आणली. आज वर्ध्याचा शेतकरी पिवळ्या पडलेल्या सोयाबीनसमोर उभा आहे, कापसाच्या भावासाठी हिंगणघाटच्या बाजारात ताटकळतो आहे. जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे आणि दारू गावात मिळते, हे प्रत्येक बाई जाणते. यातलं किती गाण्यात येतं? स्पर्धेत महाराजांचीच भजनं म्हणावीत असा नियम किंवा संकेत बहुतेक ठिकाणी असतो. त्यामुळे ज्याला चार ओळी लिहिता येतात तो त्या वहीत ठेवतो. महाराजांचं भजन म्हणणं आणि त्यांच्यासारखं आपल्या गावावर भजन रचणं, या दोन्हींना मांडवात जागा हवी. आज पहिल्यालाच आहे.

अपवाद आहेत, आणि ते मला प्रामुख्यानं महिला मंडळांत सापडतात. गेल्या काही वर्षांत या कलेत सर्वांत जिवंत घडामोड तिथे झाली आहे. बचत गटाच्या बैठकीतून जमलेल्या बायका खंजेरी हातात घेतात तेव्हा त्यांच्याजवळ आधीपासूनच एक मोठं भांडार असतं: जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हटली जाणारी भुलाबाईची गाणी. सिनेमाच्या चालीची त्यांना गरज पडत नाही. भुलाबाईच्या गाण्याची ती पुढे-मागे झुलणारी लय खंजेरीच्या ठेक्यावर बसते तेव्हा जे निर्माण होतं ते ना भजन राहतं ना खेळगाणं; ते नवं असतं. त्यांचा सूर कधी चढा लागतो, पेटी मागे पडते, आणि गुण कमी मिळतात. मला मात्र त्यांच्या मांडणीत पुरुष मंडळांपेक्षा जास्त धाडस ऐकू येतं. शब्दही त्या बदलतात. ओवीला मुळातच नवी ओळ जोडायची मुभा असते, आणि ती मुभा त्या भजनात घेऊन येतात.

दुसरी नवी धार वर्धा नदीच्या पलीकडून येते. अमरावतीचा विपिन तातड रॅप करतो, जातीच्या अन्यायावर. अमरावतीचाच सौरभ अभ्यंकर, म्हणजे १००आरबीएच, २०२२ च्या ‘एमटीव्ही हसल’मुळे देशभर ऐकला गेला. मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. ‘वारली रिव्होल्ट’ या त्यांच्या गाण्यात आरेच्या जंगलातल्या आदिवासींचा आवाज आहे. ‘अभंग रिपोस्ट’नं तुकोबांचे अभंग गिटार आणि ड्रमवर नेले, ‘धम्म विंग्ज’नं आंबेडकरी विचार रॉकमध्ये आणला. या सगळ्यांना मी खंजेरी मंडळांचे भाऊबंद मानतो. विशेषतः रॅपला. शब्द पुढे, ताल खाली, समोर बसलेल्यांना थेट प्रश्न: सत्यपाल महाराजांचं प्रबोधन आणि अमरावतीचा रॅप यांच्यातलं अंतर ऐकणाऱ्याला फार जाणवत नाही. तरी दोघांना एका मंचावर बसवणारा महोत्सव विदर्भात मला दिसत नाही. भीमगीतांच्या परंपरेकडून इथे शिकता येईल. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचा मान तिथे अढळ आहे, आणि तरीही १४ एप्रिलच्या आधी नवे गायक नवी गाणी काढतात. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आलेला माणूस पूर्वी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्हवर यंदाची गाणी घेऊन गावी परतत आला आहे. जुन्याबद्दलची निष्ठा आणि नव्याची भूक तिथे एकमेकींच्या आड येत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. राज्य सरकारनं २०२५ च्या गणेशोत्सवाच्या वेळी १,८०० भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी २५ हजार रुपये जाहीर केले. चांगलं आहे, नवा तबला लागतोच. पण मंडळाला वाद्याइतकीच श्रोत्याची गरज आहे, आणि ती अनुदानानं भागत नाही. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ यूट्यूबवर शेकड्यांनी आहेत. शीर्षकात स्पर्धेचं नाव, आयोजकाचं नाव, आणि मंडळाचं नाव बहुधा नाही. आवडलेलं गाणं कुणाचं हे शोधायला खालच्या प्रतिक्रिया धुंडाळाव्या लागतात, आणि तिथेही गावाचं नाव मिळालं तर नशीब. आयोजकांनी स्पर्धेच्या आठ दिवस आधी नोंदणी बंद करून मंडळांची नावं, गाव, पुढे म्हणणारा आणि खंजेरीवादक एवढंच छापलं, तरी अर्धं काम होईल. उरलेलं अर्धं व्हिडिओ टाकणाऱ्याचं: शीर्षकात पहिलं नाव मंडळाचं.

तोवर ऐकणाऱ्यानंच पाय हलवायचे. मोझरी आपल्याला दूर नाही. आष्टी तालुक्यातल्या तळेगावहून नागपूर-अमरावती महामार्गानं तिवसा ओलांडलं की गुरुकुंज येतं. पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांनी १९६८ साली देह ठेवला त्या वेळेला, लाखभर माणसं मौन उभी राहतात. ते अनुभवायला सगळेच जातात. मी सांगतोय ते त्याच्या पंधरा दिवस आधीचं. आपल्याच तालुक्यातल्या दोन-तीन गावांच्या सरावाला जा. बसायला सतरंजी मिळते, चहा मिळतो, कोणी कशाला आलात म्हणून विचारत नाही. पुढे म्हणणाऱ्यापेक्षा मागच्यांकडे कान लावा. खंजेरीवादक शब्दाला जागा देतो का ते बघा. चाल ओळखीची नसेल तर ती कुणाची, हे सराव संपल्यावर विचारा. गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्याची निघते, आणि तो माणूस बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो. शेवटी आणखी एक विचारा: स्पर्धेत न बसणारं, वेळ जास्त होतो म्हणून किंवा महाराजांचं नाही म्हणून गाळलेलं तुमचं गाणं कोणतं? ते म्हणायला सांगा, आणि मोबाइलवर घेतलंत तर मंडळाचं, गावाचं आणि लिहिणाऱ्याचं नाव तिथेच विचारून टिपून ठेवा.