मत्स्यविनोद आणि मराठी गद्य

मराठी वाङ्मयाच्या वाचकास एक उणीव सहसा जाणवत नाही. कारण जे मुळात नाही ते डोळ्यांत भरत नाही. आपल्या वाङ्मयात मासा आहे. मासे धरून पोट भरणारा मनुष्यही, उशिरा का होईना, आला आहे. परंतु चार स्नेही गळ घेऊन एखाद्या आडरानातल्या तळ्याकाठी जातात, दिवसभर पाण्याकडे पाहत बसतात, आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतूनही तृप्त असतात, या अनुभवाचे ललित गद्य आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. इंग्रजीत या एका विषयाने कपाटेच्या कपाटे भरली आहेत. हा छंद साहेबाचा, तेव्हा त्याचे वाङ्मय आपल्याकडे नसावे यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. ते खरे का नाही, याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठीच्या अध्यापकांस अपरिचित नाही. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराच्या या संस्कृत ग्रंथात मराठीचे जुने नमुने सापडतात, म्हणून भाषेच्या इतिहासात त्याचा उल्लेख आपण नित्य करतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हेही त्यानेच नोंदविले आहे. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत १९२५ पासून तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्या पाच विंशतींपैकी चौथी विंशती विनोदांची आहे. तिच्यातील गीतविनोदात मराठी पद्य आहे, आणि तिच्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. आपण पहिले वाचतो, दुसरे वाचीत नाही. गंमत अशी की गीतविनोदातील त्या प्रसिद्ध मराठी पद्यात मत्स्यरूप घेऊन रसातळातून वेद वर आणणाऱ्या नारायणाचे स्तवन आहे. म्हणजे त्या ग्रंथात मराठी अवतरते तीच माशाचे नाव घेऊन. पण मासा गळाने धरण्याची विद्या मात्र तेथे संस्कृतातच राहते.

मत्स्यविनोदाचे प्रकरण वाचताना आश्चर्य वाटते. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, नुसत्या कातडीचे कोणते, कोण कोठे राहतो, कोणास कोणते खाद्य आवडते, दोरी कोणत्या तंतूंची वळावी, काठी व गळ कसे असावेत, या सर्वांचा तेथे विचार आहे. मासे निरनिराळ्या नावांनी वेगळे करणारी अशी बारीक नजर पाण्याकाठी वर्षे घालविल्याशिवाय येत नाही; राजाला ती ज्यांनी दिली ते नदीकाठचे लोक असले पाहिजेत. तेव्हा गळ टाकून मन रमविणे हा साहेबाने आणलेला छंद होय, ही समजूत या एका प्रकरणानेच निकालात निघते.

तथापि वाङ्मय म्हणून या प्रकरणाची किंमत करावयाची तर आमचा अभिप्राय संमिश्र आहे. येथे ज्ञान आहे, नामावळी आहे, विधी आहे. पण वाट पाहणे नाही. पाणी कसे दिसत होते, वारा कोठून येत होता, शेजारी कोण बसले होते, हे तेथे नाही. शास्त्रकार ‘असे करावे’ म्हणतो; ललित लेखक ‘असे झाले’ म्हणतो. या दोन क्रियापदांमधील अंतर सोमेश्वराने ओलांडले नाही. ओलांडण्याचा त्याचा हेतूही नव्हता.

हे अंतर कसे ओलांडले जाते, याचे उदाहरण म्हणून आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ या १६५३ च्या ग्रंथाकडे पाहावे. माहिती तेथेही आहेच. पण ती एक मासेमार आणि एक वाटसरू यांच्या संवादातून येते. देश नुकताच यादवी युद्धातून बाहेर पडला होता. अशा वेळी नदीकाठी दोघांनी शांतपणे बोलत चालावे, यालाच एक अर्थ होता. पुढे १६७६ च्या आवृत्तीत वॉल्टनचा तरुण स्नेही चार्ल्स कॉटन याने कृत्रिम माशीने ट्राउट धरण्याचा भाग जोडला. गळाला पिसे व दोरे बांधून पाण्यावरच्या किड्याची प्रतिकृती करावयाची आणि ती प्रवाहावर अशी हलकेच टाकावयाची की माशाने तिला खरी मानावे, अशी ही कला आहे. तिच्यासाठी पाण्यावर त्या घटकेला कोणता किडा उडतो आहे हे पाहावे लागते. म्हणजे मासा मिळो न मिळो, ऋतू समजतो. ग्रंथाच्या दोन भागांना दोन स्नेह्यांचे हात लागले, हीच त्या ग्रंथाची उत्तम समीक्षा होय असे आम्हांस वाटते. माशापेक्षा सोबत मोठी, हे सूत्र त्याने घालून दिले. अर्नेस्ट हेमिंग्वेने १९२५ मध्ये युद्धावरून परतलेल्या तरुणाला ट्राउटच्या नदीवर एकटाच पाठविला. कथेत युद्धाचा उल्लेख येत नाही, पण सोबतीच्या अभावातून ते सर्वत्र जाणवते.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. विसाव्या शतकाच्या आरंभी तो काश्मीरच्या ओढ्यांत व निलगिरीच्या उंचावरील पाण्यांत रुजला. तापीच्या ऊन पाण्यात तो जगणार नाही. आपल्याकडे गळकऱ्याच्या मनात ट्राउटची जागा महाशीर घेतो. नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत त्याची एक जात आहे, सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांत दुसरी. देहूला इंद्रायणीच्या डोहात तो श्रद्धेने राखला गेला. विषय परका आहे, ही तक्रार येथेही टिकत नाही.

मग अडले कोठे? आमच्या मते तीन ठिकाणी. पहिले कारण भाषेतच आहे. मराठीत ‘गळाला लागणे’ म्हणजे फसणे. जो गळ टाकतो तो लबाड. संतांनी मासा घेतला तो पाण्याविना तळमळणारा जीव म्हणून. आपली वाणी माशाच्या बाजूची आहे, गळ टाकणाऱ्याच्या बाजूची नाही. या बऱ्हाणपुरात दख्खनच्या सुभेदारीच्या निमित्ताने राहिलेल्या अब्दुल रहीम खानखानानेही एका दोह्यात हेच सांगितले आहे: जाळे पडले की पाणी माशाची माया सोडून वाहून जाते, मासळी मात्र पाण्याचा लोभ सोडीत नाही. तापीवर जाळी ओढताना पाहून त्यास हे सुचले की नाही, कोण सांगणार? पण शाही किल्ल्याखालच्या घाटावर उभे राहिले म्हणजे तो दोहा आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरे कारण नैतिक आहे. जीव घेण्यात करमणूक मानावी काय, हा प्रश्न सोमेश्वराने विचारला नाही. आपण विचारतो, आणि ते योग्यच आहे. मासा धरून पुन्हा पाण्यात सोडण्याची रीत अलीकडे छंदी लोकांत रूढ झाली आहे; तिने प्रश्न सौम्य होतो, मिटत नाही. परंतु नैतिक अडचण ही वाङ्मयाला अडसर नसते, उलट ती त्याचे इंधन असते. व्यंकटेश माडगूळकरांनी शिकारीचे लेखन केले आणि पुढे बंदूक ठेवून ‘नागझिरा’ (१९७९) लिहिले. तो प्रवासच त्यांच्या गद्याला खोली देतो.

तिसरे कारण अधिक कठीण आहे. आपल्याकडे ज्याला पाणी कळते तो लिहीत नाही, आणि जो लिहितो त्याला मासा ताटात आल्यावर कळतो. भोई, ढीवर, कोळी यांचे ज्ञान एका बाजूस आणि लेखणी दुसऱ्या बाजूस, अशी ही विभागणी आहे. तिचा परिणाम पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ (१९६५) या अनुवादातही पाहावयास मिळतो. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा मराठीत आणण्याचे श्रेय त्यांचे, आणि शीर्षक तर अप्रतिम. शाळेतल्या कवितेतला पुन्हा पुन्हा पडून चढणारा कोळी आणि दर्यावरचा कोळी एकाच शब्दात भेटतात. पण या कोटीने वाचकाचे मन चिकाटीच्या बोधाकडे आधीच वळते, हे नमूद केले पाहिजे. मूळ कथेत चिकाटीइतकीच माशाविषयीची बंधुभावना आहे, आणि किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या पोराची मैत्री आहे. आपल्या वर्गांतून ही कथा ‘अपराजित मानवा’ची म्हणून शिकविली जाते; सोबतीची म्हणून शिकविली जात नाही. यात दोष अनुवादकाचा नाही. आपण शिकविणाऱ्यांनी शीर्षकाच्या पुढे जाऊन वाचले नाही.

या उणिवेला सर्वांत जवळून भिडले ते मारुती चितमपल्ली. वनाधिकारी म्हणून रानात राहिलेल्या या लेखकाने (१९३२–२०२५) नवेगावबांधच्या तलावाकाठी जे पाहिले, ते पाण्याला आणि पाण्याकाठच्या माणसांना विचारून लिहिले. सोमेश्वराची नामावळी आणि वॉल्टनची सोबत या दोहोंचा मेळ आपल्याकडे कोठे पडत असेल तर तो त्यांच्या पानांत. पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे रानातल्या माणसाकडून शिकून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांच्या गद्यात कधी माहिती अनुभवावर कुरघोडी करते, हे मान्य करूनही आम्ही म्हणू की मराठीत जो मत्स्यविनोद लिहिला जाईल त्याची वाट त्यांनीच मोकळी केली आहे.

नावांचा हा मुद्दा आम्हांस केवळ शैलीचा वाटत नाही. १८३० नंतरच्या दशकात विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली. त्याने काय केले? मुळा-मुठेच्या आणि भीमेच्या काठी लोकांच्या तोंडून जी नावे कानांवर पडली, ती लॅटिन साच्यात बसविली. खुद्री, कोलुस, मुसुल्ला, शेंदखोल, नुकटा, बोगुट ही नावे, इंग्रजी कानाने ऐकली तशी, आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. हे मराठी शब्द त्या ग्रंथांत सुरक्षित राहिले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या सर्वांसाठी एकच शब्द उरला: मासा.

येथे एक कबुली दिल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाने सुट्टीवरील निबंधात दोन मित्रांसह तापीवर गळ टाकल्याची हकिकत लिहिली होती. गळाच्या दोरीवर तरंगणाऱ्या काडीला, खडकाआडच्या स्थिर पाण्याला, लागलेल्या माशाच्या ओढीला त्याच्या घरी जे शब्द होते ते त्याने वापरले होते. मराठी, निमाडी आणि उर्दू यांच्या या गावात ते कोणत्या घरचे होते, हे आम्ही विचारले नाही. आम्ही त्यांखाली तांबड्या शाईने रेघा ओढल्या आणि समासात ‘अशुद्ध’ लिहिले. ते शब्द आज आम्हांस आठवत नाहीत. आठवले असते तर या लेखाच्या पाच पानांहून ते अधिक मोलाचे ठरले असते. मराठीत मत्स्यविनोदाचे गद्य का नाही, या प्रश्नाचे एक उत्तर त्या तांबड्या रेघांत आहे.

नद्याही आता पूर्वीच्या राहिल्या नाहीत. खाली हतनूरला धरण झाले. महाशीर विरळ झाला, आणि मध्य प्रदेश शासनाने २०११ मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून घोषित केले. मान मिळण्याची वेळ बहुधा उणे पडल्यावरच येते. मासे विरळ झाले की त्यांची नावे विरळ होतात. नावे गेली की त्यांविषयी लिहिता येईल असे गद्यही जाते. अकादमीच्या सभासदांनी व अध्यापकांनी यात करण्यासारखे एक लहान काम आहे. राजघाटावर आजही संध्याकाळी दोन-तीन पोरे गळ टाकून बसतात. त्यांच्यापाशी घटकाभर बसावे. हातातल्या वस्तूला, पाण्याला, माशाला ते काय म्हणतात ते विचारून वहीत उतरवून घ्यावे. पुढच्या निबंधात ते शब्द आले तर तांबडी शाई बाजूस ठेवावी. सोमेश्वराने विधी लिहिला, साइक्सने नावे टिपली. आता उरली आहे ती गोष्ट सांगणे, आणि ती त्या पोरांपैकीच कोणी तरी सांगेल.